पाच महिन्यांनी घर सोडायचे आहे, मग विकतच घ्यावे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

जर्मनीतील म्युनिक शहरातून एका वाचक भगिनीने लिहिले आहे. त्या मूळच्या नाशिकच्या असून अडीच वर्षांपूर्वी ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वास्तव्य परवान्यावर, नोकरीसाठी तिथे गेल्या. सोबत पती आणि तीन वर्षांची मुलगी आहे. पहिले काही महिने कंपनीने दिलेल्या जागेत गेले. त्यानंतर त्यांना फर्निचरसह एका खोलीचे, ४२ चौरस मीटरचे घर मिळाले. त्याचे सर्व खर्च धरून महिन्याचे भाडे १,६५० युरो आहे. हा करार मुदतीचा असून ती मुदत पाच महिन्यांनी संपते. गेल्या आठ महिन्यांत त्यांनी सुमारे १४० घरांसाठी अर्ज केले, सहा ठिकाणी घर पाहायला बोलावणे आले आणि एकाही ठिकाणी होकार मिळाला नाही. "आमचे आडनाव वाचूनच अर्ज बाजूला पडतो की काय, असे वाटू लागले आहे," असे त्या लिहितात. दोघांचे मिळून हाती येणारे मासिक उत्पन्न ५,४०० युरो असून बचत ६०,००० युरोंची आहे. वडिलांचे म्हणणे असे, की भाडे भरणे म्हणजे दुसऱ्याचे कर्ज फेडणे. राहत्या घराशिवाय त्यांचा नाशिकमध्ये आणखी एक फ्लॅट आहे, तो विकून येणारे सुमारे ७० लाख रुपये मुलीला द्यायला ते तयार आहेत. पतीला जवळच्या ऑग्सबुर्ग शहरात जावे असे वाटते, आणि कधीकधी भारतात परतच जावे असेही वाटते. "आम्ही म्युनिकमध्ये घर विकत घ्यावे का? बाबांचे पैसे घेण्याचा संकोच वाटतो, पण दुसरा मार्गही दिसत नाही," हा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर:

सुरुवात मी तुमच्या सध्याच्या करारापासून करते, कारण पाच महिन्यांनी घर सोडावेच लागणार हे तुम्ही गृहीत धरले आहे आणि ते गृहीतक अजून कोणी तपासलेले दिसत नाही. जर्मनीच्या नागरी कायद्याच्या कलम ५७५ प्रमाणे राहत्या घराचा करार मुदतीचा करायचा असेल, तर घरमालकाला त्यासाठी कायद्याने मान्य केलेले कारण द्यावे लागते. मुदतीनंतर घर स्वतःला किंवा कुटुंबातील कोणाला हवे आहे, ते पाडायचे आहे किंवा त्यात फार मोठे बदल करायचे आहेत, किंवा ते आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाला द्यायचे आहे, अशी ती मोजकी कारणे आहेत. हे कारण करार करतानाच लेखी कळवलेले असावे लागते. तसे नसेल तर करारावर कोणतीही तारीख लिहिलेली असो, तो बेमुदत समजला जातो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. 'केवळ तात्पुरत्या वापरासाठी' दिलेल्या घरांना हे संरक्षण मिळत नाही, आणि फर्निचरसह घरे देणारे अनेक मालक करारात नेमके हेच शब्द घालतात. परंतु केवळ शब्द लिहिल्याने वापर तात्पुरता ठरत नाही. कायमची नोकरी असलेले, त्याच पत्त्यावर नोंदणी केलेले, मुलीला जवळच्या बालवाडीत घालणारे कुटुंब तिथे दीड-दोन वर्षे राहत असेल, तर त्या शब्दांचा टिकाव लागेलच असे नाही. तुमचा करार मी पाहिलेला नाही, त्यामुळे निकाल मी देऊ शकत नाही. तो देऊ शकेल असा माणूस मात्र तुमच्याच शहरात आहे. जर्मनीतल्या प्रत्येक मोठ्या शहरात भाडेकरूंची संघटना असते, तिला 'मीटरफेराइन' म्हणतात. तिची वर्षाची वर्गणी तुमच्या एका महिन्याच्या भाड्याच्या मानाने किरकोळ आहे आणि त्या वर्गणीत वकिलांचा सल्ला मिळतो. या आठवड्यातच सभासद व्हा, करार घेऊन जा, आणि मुदतीबरोबरच भाड्याची रक्कमही तपासून घ्या. म्युनिकमध्ये नव्या कराराचे भाडे, काही अपवाद सोडले तर, महापालिकेच्या भाडेदर्शिकेतील स्थानिक दरापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही. फर्निचरसाठी मालकाला त्यावर वाजवी आकार लावता येतो, पण फर्निचर आहे म्हणून हवे ते भाडे लावता येत नाही.

मुदत खरोखरच वैध निघाली, तरीही ती संपलेल्या दिवशी कोणी तुमचे सामान बाहेर ठेवू शकत नाही. त्यासाठी घरमालकाला न्यायालयातूनच जावे लागते. मुदतीनंतर अडून बसा, असा याचा अर्थ नाही. तसे केल्यास नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो, आणि पुढच्या घरासाठी याच मालकाकडून चांगले पत्र लागणार आहे. पण लहान मूल घेऊन रस्त्यावर येण्याची जी धास्ती तुमच्या पत्रात ओळीओळीत जाणवते, तिला कायद्यात आधार नाही एवढे निश्चित समजा. घर विकत घेण्यासारखा निर्णय त्या धास्तीपोटी होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आता तुमच्या वडिलांच्या वाक्याकडे वळते. ते वाक्य ज्या अनुभवातून आले आहे तो खरा आहे आणि मी त्याचा आदर करते. आपल्याकडे भाड्याने राहणे म्हणजे अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, दर वर्षी वाढणारे भाडे, आणि मालकाच्या मुलाचे लग्न ठरले की नवी जागा शोधण्याची धावपळ. अशा ठिकाणी स्वतःचे घर हाच स्थैर्याचा एकमेव मार्ग उरतो, म्हणून आपल्या मनात मालकी आणि स्थैर्य हे शब्द एकमेकांना इतके चिकटले आहेत की ते वेगळे असू शकतात हेच सुचत नाही. जर्मनीत ते वेगळे आहेत. तिथे निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात आणि युरोपीय संघात हे प्रमाण सर्वाधिक आहे. त्यात डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त न्यायाधीश असे सगळे असतात, आणि त्यांना कोणी 'अजून घर नाही का झाले' असे विचारत नाही. दुसऱ्या महायुद्धात शहरे उद्ध्वस्त झाल्यावर सरकारी साहाय्याने भाड्याची घरे मोठ्या संख्येने बांधली गेली आणि पुढे कायद्याने भाडेकरूला भक्कम केले, हे त्याचे मोठे कारण आहे.

बेमुदत करार, ज्याला तिथे 'उनबेफ्रिस्टेट' म्हणतात, तो एकदा झाला की मालकाला तो विनाकारण मोडता येत नाही. चालू कराराचे भाडे म्युनिकसारख्या टंचाईच्या शहरात तीन वर्षांत १५ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, आणि तेही स्थानिक दराच्या मर्यादेतच. तुम्हाला घर सोडायचे असेल तर तीन महिन्यांची सूचना पुरते. मालकाला मात्र तुम्ही पाच वर्षे राहिल्यावर सहा महिन्यांची आणि आठ वर्षांनंतर नऊ महिन्यांची सूचना द्यावी लागते. यात एक फट आहे, ती लपवणे बरोबर होणार नाही: मालकाला स्वतःसाठी किंवा जवळच्या नातेवाइकासाठी खरोखर घर हवे असेल तर तो करार संपवू शकतो. याला 'आइगनबेडार्फ' म्हणतात आणि म्युनिकमध्ये ते घडते. म्हणून निवड करता आली तर एकेका फ्लॅटच्या खासगी मालकापेक्षा गृहनिर्माण कंपनी, विमा कंपनी किंवा सहकारी संस्थेच्या इमारतीतले घर अधिक निर्धोक, कारण कंपनीला स्वतः राहायला घर लागत नाही.

'दुसऱ्याचे कर्ज फेडणे' हा भाग आकड्यांनी पाहू. ७५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे ८०० चौरस फुटांचे, जुन्या इमारतीतले घर ६,५०,००० युरोंना मिळते असे धरू. म्युनिकच्या बाजारात ही किंमत अवाजवी नाही. त्यावर बव्हेरियाचा, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्याचा, खरेदी कर साडेतीन टक्के, नोटरी आणि जमीन-नोंदणीचे सुमारे दोन टक्के, आणि दलाल असेल तर तुमच्या वाट्याचे बहुधा ३.५७ टक्के, असे मिळून ५९,००० युरो जातात. घर पुढे विकले तरी हे पैसे परत येत नाहीत, आणि बँका सहसा ते कर्जात धरत नाहीत. किमतीच्या किमान दहा टक्के रक्कमही स्वतःची असावी, अशी बँकेची अपेक्षा असते. ते ६५,००० झाले. दोन्ही मिळून १,२४,००० युरो. तुमची बचत ६०,००० आणि वडिलांच्या फ्लॅटचे, सध्याच्या दराने, कर जाण्यापूर्वी ६५,००० च्या आसपास. म्हणजे दोन पिढ्यांची सगळी पुंजी पहिल्याच दिवशी संपते, आणि नंतर बॉयलर बिघडला किंवा कोणाची नोकरी गेली तर हाताशी काही उरत नाही.

उरलेले ५,८५,००० युरो कर्ज. त्यावर ३.९ टक्के व्याज आणि सुरुवातीला वर्षाला दोन टक्के मुद्दल धरले, तर महिन्याचा हप्ता २,८७५ युरोंच्या घरात जातो. म्हणजे तुमच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक, आणि इमारतीच्या देखभालीचा मालकाने सोसायचा खर्च वेगळा. मुळात एवढे कर्ज बँक मंजूर करील का, हीच शंका आहे. पण मला तुमचे लक्ष वेधायचे आहे ते या हप्त्यातल्या व्याजाकडे. पहिल्या वर्षी त्यातले महिना सुमारे १,९०० युरो निव्वळ व्याज आहे. तेच घर चौरस मीटरला २२ युरो दराने भाड्याने घेतले, तर मूळ भाडे १,६५० होते. घर विकत घेतल्यावरही परत न येणारे पैसे द्यावेच लागतात, फक्त ते मालकाऐवजी बँकेला जातात आणि या उदाहरणात ते भाड्यापेक्षा जास्त आहेत. दहा वर्षांनंतर मुद्दलातले सुमारे १,४०,००० फिटलेले असतील आणि ४,४५,००० उरलेले असतील. घराची किंमत भरपूर वाढली तरच हा व्यवहार फायद्याचा ठरेल. २०२२ नंतर व्याजदर चढले तेव्हा म्युनिकमध्येही किमती खाली आल्या होत्या, त्यामुळे वाढीची हमी कोणी देऊ शकत नाही.

आपल्याकडच्या गृहकर्जाच्या सवयीने जर्मन कर्जाकडे पाहिले तर आणखी एका ठिकाणी फसगत होते. भारतात बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज दंड न भरता केव्हाही फेडता येते. जर्मनीत व्याजदर सहसा दहा किंवा पंधरा वर्षांसाठी बांधलेला असतो, आणि त्या काळात घर विकून कर्ज मोडायचे असेल तर बँक व्याजाच्या नुकसानीची भरपाई मागते. ती रक्कम हजारोंमध्ये जाऊ शकते. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर मात्र सहा महिन्यांची सूचना देऊन भरपाईशिवाय बाहेर पडता येते, असा कायदा आहे. तुमच्या घरात 'परतच जावे' हा विचार अधूनमधून बोलला जातो, असे तुम्हीच लिहिले आहे. तो विचार जिवंत असताना दहा वर्षांचे बंधन घालून घेऊ नये.

वडिलांच्या पैशांविषयीचा तुमचा संकोच मला योग्य वाटतो, आणि त्याला भावनेखेरीज व्यवहाराचाही आधार आहे. भारतात घर विकून झालेला दीर्घकालीन नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर करसवलत मिळते, पण ते दुसरे घर भारतातच असावे लागते. म्युनिकमधल्या घरासाठी ती सवलत नाही, त्यामुळे वडिलांना नफ्यावर कर भरावा लागेल. परदेशी रक्कम पाठवण्याची मर्यादा एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे, ती आड येणार नाही. मात्र वर्षाला दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के कर उगमातच वसूल करते. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर मोठी रक्कम अडकते आणि घराचे पैसे भरण्याची तारीख त्यासाठी थांबत नाही. जर्मनीत देणगी कर घेणाऱ्याच्या निवासावरूनही लागू होतो. आई किंवा वडील यांपैकी प्रत्येकाकडून मुलीला दहा वर्षांत ४,००,००० युरोंपर्यंतची रक्कम करमुक्त आहे. सासऱ्यांनी जावयाला दिलेली रक्कम मात्र केवळ २०,००० पर्यंतच करमुक्त असते. म्हणून असे पैसे कोणी घेतलेच, तर ते मुलीच्याच खात्यावर यावेत आणि तीन महिन्यांच्या आत कर कार्यालयाला कळवावेत. हे मी तुमच्यापेक्षा, अशाच वळणावर उभ्या असलेल्या इतर वाचकांसाठी लिहिते आहे. तुमच्याबाबत माझे मत असे, की वडिलांचा तो फ्लॅट त्यांच्या म्हातारपणाचा आधार आहे, त्याला आज हात लावू नये.

याचा अर्थ म्युनिकमध्ये घर कधीच घेऊ नका असा नाही. ब्लू कार्डधारकाला २७ महिन्यांनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, आणि जर्मन भाषेची बी-१ पातळी पूर्ण असेल तर २१ महिन्यांनंतर. तुमची अडीच वर्षे झाली आहेत, म्हणजे बाकी अटी पूर्ण असतील तर तुम्ही आजच अर्ज करू शकता, आणि तो का केला नाही हे पत्रात आलेले नाही. परकीय नागरिकाला जर्मनीत घर घेण्यास बंदी नाही, पण कायम परवाना असेल तर बँकेचे दार सहज उघडते. तो परवाना हाती आला, मुलगी शाळेत रुळली, दोघांनाही वाटले की पुढची दहा वर्षे इथेच, आणि स्वतःची बचत दीड लाखाच्या पुढे गेली, म्हणजे हा प्रश्न पुन्हा उघडा. तेव्हा तो वेगळा प्रश्न असेल.

आता घर शोधण्याविषयी. १४० अर्जांतून सहा बोलावणी हे प्रमाण म्युनिकमध्ये जन्मलेल्या जर्मन कुटुंबालाही अनोळखी नाही, इतकी तिथली टंचाई तीव्र आहे. तरीही आडनावामुळे अर्ज मागे पडतो हा तुमचा संशय मी खोडून काढणार नाही. परक्या नावांच्या अर्जदारांना घर पाहण्याची बोलावणी कमी येतात, हे जर्मनीत एकसारखे अर्ज पाठवून केलेल्या तपासण्यांत दिसून आले आहे. २००६ पासून तिथे समान वागणुकीचा कायदा आहे. एखाद्या ठिकाणी 'घर गेले' असे तुम्हाला सांगितले आणि त्याच दिवशी तेवढ्याच उत्पन्नाच्या जर्मन सहकाऱ्याला बोलावले, असे घडले तर दोन्ही उत्तरे जपून ठेवा. दावा दोन महिन्यांच्या आत लेखी मांडावा लागतो. म्युनिक महापालिकेचे 'आमिग्रा' हे कार्यालय भेदभावाच्या तक्रारींत मार्गदर्शन करते. मात्र प्रत्येक नकारामागे हेच कारण शोधू नका, नाहीतर शोध घेण्याचे बळच संपेल.

तुमच्या अर्जाचा मजकूर तुम्ही सोबत जोडला होता, त्यावर थोडे स्पष्ट लिहिते. तो इंग्रजीत आहे, तीन पाने लांब आहे आणि दोघांच्या पदव्यांनी भरलेला आहे. घरमालकाला पदव्या नको असतात. त्याला जाणून घ्यायचे असते की भाडे वेळेवर येईल का, घर नीट राहील का, आणि ही माणसे वर्षभरात निघून जाणार नाहीत ना. म्हणून पत्र जर्मनमध्ये, पंधरा ओळींच्या आत लिहा आणि एखाद्या जर्मन सहकाऱ्याकडून तपासून घ्या. तुम्ही दोघे कुठे काम करता, नोकरी कायम आहे, हाती येणारे उत्पन्न किती, मुलगी तीन वर्षांची आहे, धूम्रपान नाही, प्राणी नाहीत, आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास ते भरून देणारा वैयक्तिक विमा आहे, आणि दीर्घकाळ राहण्याची इच्छा आहे, एवढे पुरे. हा विमा नसेल तर लगेच घ्या. तो स्वस्त असतो आणि त्याचा उल्लेख मालकाला आश्वस्त करतो. सोबत तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या शुफा या संस्थेचा घरमालकांसाठीचा दाखला, आणि भाडे थकलेले नाही असे सध्याच्या मालकाचे पत्र, असे सगळे एकाच फाइलमध्ये तयार ठेवा. जाहिरात आल्यापासून तासाभरात अर्ज गेला नाही तर तो बहुधा वाचलाच जात नाही, म्हणून ही तयारी आधीची हवी. संकेतस्थळांवरच्या सूचना फोनवर येतील अशी सोय करा आणि सकाळची वेळ दोघांत वाटून घ्या.

जाहिरातींत 'तीन त्सिमर', म्हणजे तीन खोल्या, असे लिहिलेले असते तेव्हा बैठकीची खोलीही त्या तिनांत धरलेली असते, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरलेले नसते. म्हणजे ते आपले टू बीएचके. तुमच्या पत्रात 'दोन शयनगृहांचे घर परवडत नाही' असे आहे, पण तुम्ही चार त्सिमरची घरे पाहत होता असे मला पत्रातल्या आकड्यांवरून दिसते. तिघांच्या कुटुंबाला आज तीन त्सिमर भरपूर होते, आणि अडीच त्सिमरचे घरही चालेल. दुसरे असे, की तिथे अनेक घरे स्वयंपाकघराविना मिळतात. ओटा, कपाटे, शेगडी, सिंक सगळे आधीचा भाडेकरू घेऊन जातो किंवा तुम्हाला विकतो. त्यासाठी काही हजार युरो वेगळे ठेवा. भाडे पाहताना 'काल्ट' म्हणजे मूळ भाडे आणि 'वार्म' म्हणजे हीटिंग व इमारतीचा खर्च धरून होणारे भाडे, यातला फरक पाहा. वीज आणि इंटरनेट बहुधा दोन्हींच्या बाहेर असते. अनामत मूळ भाड्याच्या तीन महिन्यांहून अधिक मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. मालकाने नेमलेल्या दलालाची दलाली भाडेकरूने द्यायची नसते, हा नियम २०१५ पासून आहे.

तुम्ही लिहिले आहे की एका जाहिरातदाराने परदेशी असल्याचे सांगून किल्ली टपालाने पाठवण्याआधी अनामत मागितली. पैसे दिले नाहीत हे फार चांगले केले. घर आतून पाहिल्याशिवाय आणि करारावर सह्या झाल्याशिवाय एक युरोही देऊ नका, पासपोर्टची प्रतही पाठवू नका.

खुल्या जाहिरातींवर मात्र अवलंबून राहू नका, कारण म्युनिकमधली बरीच चांगली घरे तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. घर सोडणारा भाडेकरू अनेकदा मालकाला आपल्या जागी दुसरे नाव सुचवतो. तुमच्या कंपनीच्या अंतर्गत सूचना फलकावर, मुलीच्या बालवाडीतल्या पालकांत, शहरातल्या मराठी मंडळाच्या गटात स्पष्ट शब्दांत कळवा की आम्हाला अमुक महिन्यापासून, अमुक भाड्यापर्यंत घर हवे आहे. मोठ्या कंपन्यांकडे स्वतःची किंवा करार केलेली घरे असतात, ती मनुष्यबळ विभागाकडे लेखी मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. आपल्याला मागायला अवघड वाटते, हे मी जाणते. पण तिथे असे विचारणे कमीपणाचे मानले जात नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांचा उल्लेख वर आला. महाराष्ट्रात सोसायटी म्हटले की फ्लॅट आपल्या मालकीचा आणि सभासदत्व त्याच्याबरोबर येणारे, असे आपण समजतो. जर्मन 'गेनोसेनशाफ्ट'मध्ये घर संस्थेचेच राहते. सभासद भागभांडवल भरतो आणि त्याला वाजवी भाड्यात, हवे तितके दिवस राहण्याचा हक्क मिळतो. संस्था सोडताना भाग परत मिळतात. आइगनबेडार्फची भीती नाही, घर विकले जाण्याची नाही. म्युनिकमध्ये वोगेनो, वाग्निस यांसारख्या संस्था आहेत. प्रतीक्षा लांब असते आणि नवे सभासद प्रत्येक वेळी घेतले जातातच असे नाही, त्यामुळे पाच महिन्यांच्या प्रश्नाचे उत्तर यात नाही. पण वडिलांच्या ७० लाखांऐवजी तुमच्या स्वतःच्या बचतीतून हळूहळू साधता येईल असे स्थैर्य इथे आहे, म्हणून आजपासून चौकशी सुरू करा.

ऑग्सबुर्गविषयी तुमच्या पतींचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. शहर सुमारे ६० किलोमीटरवर आहे, भाडी म्युनिकपेक्षा बरीच कमी आहेत, आणि प्रादेशिक गाड्या पाऊण तासात पोहोचवतात. जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंना झालेल्या डॉइचलांड तिकिटावर, म्हणजे देशभर चालणाऱ्या मासिक पासावर, हा प्रवास होतो, मात्र वेगवान गाड्यांना ते चालत नाही. तरीही घरापासून कार्यालयापर्यंत प्रत्येकी सव्वा तास धरा, आणि बालवाडी बंद होण्याच्या वेळी दोघेही गाडीत अडकले तर मुलीला कोण आणणार, याचे उत्तर आधी ठरवा. बालवाडीची जागा बहुतेक वेळा त्या त्या नगरपालिकेच्या रहिवाशांसाठी असते, म्हणून घर ठरवण्याआधी तिथल्या जागेची चौकशी करा. तुम्हा दोघांना आठवड्यातून किती दिवस कार्यालयात जावे लागते यावर सगळे अवलंबून आहे. दोन दिवस असेल तर मी ऑग्सबुर्ग निवडीन, चार-पाच दिवस असेल तर नाही. मध्यम मार्ग म्हणून एस-बानवरची, म्हणजे म्युनिकच्या उपनगरी रेल्वेवरची, फ्रायझिंग, एर्डिंग, फ्युर्स्टनफेल्डब्रुक, एबर्सबेर्ग ही गावे पाहा. भाड्यात फार मोठी सूट मिळणार नाही, पण अर्जदार कमी असतात आणि तीन त्सिमरचे घर मिळण्याची शक्यता वाढते. शहराच्या मध्यातून जाणाऱ्या एकाच बोगद्यातून बहुतेक एस-बान धावतात आणि तिथे बिघाड झाला की सगळे खोळंबते, त्यामुळे शक्यतो ज्या बाजूला कार्यालय आहे त्याच बाजूचे गाव निवडा.

राहता राहिले वडिलांना सांगणे. त्यांनी देऊ केलेली मदत नाकारताना तुम्हाला अपराधी वाटते आहे, असे पत्रावरून जाणवते. त्यांना नुसते 'नको' म्हणू नका. वरचा हिशेब कागदावर मांडून, व्याज आणि भाडे शेजारीशेजारी लिहून त्यांना पाठवा. आयुष्यभर हप्ते भरलेल्या माणसाला तो हिशेब माझ्यापेक्षा लवकर कळेल. नाशिकचा फ्लॅट भाड्याने देऊन येणारे पैसे त्यांनी स्वतःसाठी वापरावेत, अशी विनंती करा. स्वयंपाकघराच्या सामानासाठी किंवा अनामतीसाठी पैसे कमी पडले तर त्यांच्याकडून तेवढी छोटी रक्कम आनंदाने घ्या, त्यात संकोच कशाला? आणि बेमुदत करार हाती येईल तेव्हा तो घेऊन त्यांना व्हिडिओवर फोन करा. 'उनबेफ्रिस्टेट' हा शब्द त्यांना दाखवा आणि त्याचा अर्थ मराठीत समजावून सांगा.